माळ्यावरचा अँटेना, १४ महिन्यांनंतर

"सहा नंबर लागत नाही" ही तक्रार आमच्या घरात दोनदा झाली. पहिल्यांदा १२ जून २००९ रोजी. तेव्हा अण्णा, माझे सासरे, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले होते. दुसऱ्यांदा, केबल बंद करून मी ३५ डॉलरचा चपटा अँटेना खिडकीच्या काचेला चिकटवला त्या दिवशी. दोन्ही वेळा कारण एकच होतं, पण ते मला कळलं दुसऱ्या वेळी. म्हणून हा रिव्ह्यू लांबला आहे. ज्यांना फक्त निकाल हवा त्यांच्यासाठी आधीच सांगते: फिलाडेल्फियाच्या आसपास राहत असाल तर लांब आडव्या दांड्यांचा अँटेना घ्या. कागदासारखा चपटा घेऊ नका, त्याच्या खोक्यावर कितीही मैल छापलेले असोत.

आम्ही एक्स्टनला राहतो. फिलाडेल्फियाच्या मोठ्या स्टेशनांचे मनोरे रॉक्सबरोला एकाच टेकडीवर उभे आहेत, आमच्या पूर्वेला, वीस-पंचवीस मैलांवर. केबल सोडायचं कारण म्हणजे बिलातली एक ओळ: "ब्रॉडकास्ट टीव्ही फी". बाकीचं पॅकेज तेच राहायचं आणि ही ओळ दरवर्षी फुगायची. शेवटी ती महिन्याला ३० डॉलरच्या जवळ पोचली. मी फोन करून विचारलं, की हे नेमकं कशाचं? उत्तर मिळालं, एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स ही स्थानिक चॅनलं दाखवायची परवानगी घ्यावी लागते, तिचे पैसे. हे खरंच आहे. १९९२ च्या केबल कायद्याने स्टेशनमालकांना केबल कंपनीकडून असे पैसे मागायचा हक्क दिला. पण तीच चॅनलं आमच्या अंगणावरून फुकट जात होती. मग मी ती हवेतूनच घ्यायची ठरवली.

आता २००९. अण्णांना इंग्रजी बातम्यांचं वेड होतं. सकाळी आणि संध्याकाळी सहा नंबर, म्हणजे डब्ल्यूपीव्हीआय, हे एबीसीचं इथलं स्टेशन. आमचा टीव्ही जुना, काचेच्या नळीचा, वर सशाच्या कानांसारखा दोन काड्यांचा अँटेना. चित्रात मुंग्या यायच्या, पण आवाज स्वच्छ. अण्णांनी आणखी एक शोध लावला होता. त्यांच्या खिशातल्या छोट्या रेडिओवर एफएमच्या अगदी डाव्या टोकाला, ८७.७ च्या आसपास, सहा नंबरचा आवाज ऐकू यायचा. जुन्या अॅनालॉग पद्धतीत सहाव्या चॅनलचा आवाज ८७.७५ मेगाहर्ट्झवर असायचा आणि एफएमचा पट्टा तिथेच सुरू होतो. ते रोज संध्याकाळी बातम्या ऐकत फिरायला जायचे. १२ जूनला देशभरातल्या मोठ्या स्टेशनांनी अॅनालॉग बंद केलं आणि त्यांचा रेडिओ त्या जागी नुसता खरखरायला लागला.

आम्ही तयारीत नव्हतो असं नाही. सरकार घरटी ४० डॉलरची दोन कुपनं देत होतं. ती वापरून कन्व्हर्टर बॉक्स आणला होता, मूळ तारखेच्या, १७ फेब्रुवारीच्याही आधी. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तारीख पुढे ढकलली तेव्हा मला उलट बरं वाटलं, बॉक्सची सवय होईल म्हणून. आणि बॉक्सवर सहा नंबर दिसतही होता, काचेसारखा. १२ जूनच्या दुपारनंतर तो नाहीसा झाला. रिस्कॅन केलं, पुन्हा केलं, अँटेना हातात धरून मी खोलीभर फिरले. ३ आला, १० आला, १७ आला, २९ आला. ६ नाही. अण्णा म्हणाले, "अगं, मुंग्यांतूनसुद्धा काहीतरी दिसायचं. आता तर काहीच नाही." डिजिटलचं तसंच असतं. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र पूर्ण दिसतं. जरा कमी पडला की चौकोन चौकोन होतात, आणि त्याखाली गेला की काळा पडदा. मध्ये मुंग्यांचा टप्पाच नाही.

झालं काय होतं, ते मला केबल सोडल्यावर समजलं. रिमोटवर दाबतो तो आकडा आणि स्टेशनची खरी लहर यांचा डिजिटलमध्ये संबंध राहिलेला नाही. आकडा ही नुसती पाटी. सिग्नलमधून टीव्हीला सांगितलं जातं, की "मला तीन म्हण", आणि टीव्ही तीन म्हणतो. १९९६ च्या कायद्यानंतर प्रत्येक स्टेशनला डिजिटलसाठी ६ मेगाहर्ट्झचा दुसरा चॅनल उसना मिळाला. अॅनालॉग बंद झाल्यावर दोनांपैकी एक परत करायचा होता. शिवाय ५२ ते ६९ हे चॅनल टीव्हीला राहणारच नव्हते. त्यांचा मोठा भाग २००८ मध्ये लिलावात जाऊन मोबाइल कंपन्यांकडे गेला, सुमारे १९ अब्ज डॉलरना. डब्ल्यूपीव्हीआयचं डिजिटल तोवर ६४ वर होतं. ते सोडावंच लागलं, आणि स्टेशन आपल्या जुन्या घरी, खऱ्याखुऱ्या सहाव्या चॅनलवर परतलं. इतर बरेच जण मात्र वरच्या पट्ट्यात, यूएचएफमध्येच राहिले. सीबीएसच्या केवायडब्ल्यूची पाटी ३ आहे, पण आज ते प्रत्यक्षात ३० वर आहे.

आता मोजपट्टी हातात घ्या. सहावा चॅनल ८२ ते ८८ मेगाहर्ट्झवर चालतो. त्या लहरीची लांबी साडेतीन मीटर, आणि अँटेनाची दांडी तिच्या निम्मी, म्हणजे पावणेदोन मीटर हवी. तिसाव्या चॅनलच्या लहरीला २६ सेंटिमीटर पुरतात. माझा चपटा अँटेना होता ३० सेंटिमीटरचा. तो यूएचएफसाठीच केलेला, आणि खोक्यावर मात्र "५० मैल" छापलेलं. कुठल्या चॅनलसाठी ५० मैल, ते छापलेलं नाही. अँटेनावर "मैल" लिहिणं मला आता चपलेवर "किलोमीटर" लिहिण्यासारखं वाटतं. सिग्नल मनोरा किती ताकदीने पाठवतो, मध्ये टेकडी आहे का, तुमचा माळा कशाने मढवलाय, यावर सगळं ठरतं. एफसीसी, म्हणजे टीव्ही-रेडिओच्या लहरींवर देखरेख करणारा सरकारी आयोग, याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की आपल्या घरी कोणतं स्टेशन कोणत्या खऱ्या चॅनलवर आणि कितपत जोराने येतं ते दिसतं. खरेदीच्या आधी ते बघा. मी नंतर बघितलं आणि ३५ डॉलर घालवले.

दुसरा अँटेना १३० डॉलरचा. मागे जाळी, पुढे यूएचएफसाठी दोन वेटोळी, आणि व्हीएचएफसाठी, म्हणजे सहासारख्या खालच्या चॅनलांसाठी, दोन्ही बाजूंना खेचून लांब करता येणारी आडवी दांडी. छपरावर लावणार होते, पण शेजारी म्हणाले वसाहतीची समिती हरकत घेईल. ती घेतलीच. सभ्य भाषेतलं पत्र आलं, की बाहेरून दिसणारे अँटेना चालत नाहीत. हा मुद्दा सगळ्यांनी लक्षात ठेवा: एफसीसीचा १९९६ चा नियम आहे, स्वतःच्या मालकीच्या किंवा फक्त आपल्याच वापरातल्या जागेत स्थानिक टीव्हीचा अँटेना लावायला समितीला बंदी घालता येत नाही. सामायिक छप्पर असेल तर हा आधार मिळत नाही. आमचं घर स्वतंत्र. मी नियमाचा हवाला देऊन उत्तर लिहिलं आणि विषय संपला. पण तोवर डिसेंबर आला होता, शिडीवर बर्फ, म्हणून तूर्त माळ्यावरच बसवला.

माळ्यावरचा पहिला आठवडा निराशेचा गेला. यूएचएफची सगळी चॅनलं लगेच आली. डब्ल्यूएचवायवाय, हे पीबीएस या सार्वजनिक नेटवर्कचं स्टेशन, पाटी १२ पण खरं १३, तेही आलं. ६ मात्र यायचं आणि जायचं. आधी अॅम्प्लिफायर लावला, त्याने आणखी बिघडलं. जवळचे तगडे यूएचएफ सिग्नल फुगले आणि दुबळा ६ त्यांच्याखाली दबला. अॅम्प्लिफायर काढला. मग अँटेना गरम हवेच्या पत्र्याच्या नळीपासून दूर, पूर्वेच्या भिंतीकडे सरकवला. थोडी प्रगती. शेवटी कळलं, की माळ्यावरचा एलईडी दिवा लावला की ६ चे चौकोन होतात आणि विझवला की चित्र येतं! मी तिथे दिवा लावूनच तपासत होते. स्वस्त एलईडी आणि चार्जर खालच्या व्हीएचएफ पट्ट्यात गोंगाट सोडतात, यूएचएफला त्याचा फारसा त्रास नाही. दिवा बदलला, केबलला गोंगाट अडवणारे फेराइटचे दोन मणी अडकवले. त्यानंतर ६ आला, आणि बहुतेक वेळ टिकला.

चित्राबद्दल सांगायचं तर केबलपेक्षा चांगलं आहे, ही माझी कल्पना नव्हे. एका टीव्हीवर केबल आणि दुसऱ्यावर अँटेना असे दहा दिवस शेजारी ठेवून पाहिलं. फुटबॉलच्या सामन्यात गवत गवतासारखं दिसतं. एका ६ मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये सेकंदाला १९.३९ मेगाबिट मावतात आणि मुख्य चॅनलला त्यातला मोठा वाटा मिळतो. उरलेल्यात उपचॅनलं: ३.२, १०.२, १७.३ वगैरे. जुन्या मालिका, हवामान, जुने काउबॉय, विक्रीचे कार्यक्रम. रिस्कॅन केलं की आकडा साठाच्या वर जातो.

त्या साठांनी मी आधी हरखून गेले. नंतर एका शनिवारी वही घेऊन बसले आणि प्रत्येक चॅनलपुढे मालकाचं नाव लिहीत गेले. ३ आणि ५७ दोन्ही सीबीएसच्या मालकांची. १० आणि ६२ दोन्ही एनबीसीच्या मालकांची, एक इंग्रजी, एक टेलेमुंडो, म्हणजे स्पॅनिश. ही दोन तर आता लहरसुद्धा एकच वापरतात. परवाने दोन, स्टेशनं दोन, हवेतला चॅनल एक. हे २०१७ च्या लिलावानंतर झालं. त्या वेळी स्टेशनांना विचारलं गेलं, लहर विकायची आहे का? मालकांनी विकली, एकूण १० अब्ज डॉलर घेतले, ३८ ते ५१ हे चॅनलही टीव्हीकडून गेले. आमच्याकडचं ३५ नंबरचं सार्वजनिक स्टेशन, डब्ल्यूवायबीई, याने आपली लहर १३ कोटी डॉलरांहून अधिक किमतीला विकली. ते परदेशी बातम्या आणि कार्यक्रम दाखवायचं. त्या पैशातून एक प्रतिष्ठान उभं राहिलं आणि ते स्थानिक माध्यमांना अनुदान देतं. चांगलं काम आहे. पण माझ्या अँटेनावर त्यातलं काही येत नाही.

या वहीमुळे मी मालकीच्या नियमांपर्यंत पोचले. तिथे जे वाचलं त्याने मला आमच्या माळ्याची आठवण झाली.

नियम असा: एका कंपनीची स्टेशनं मिळून देशातल्या ३९ टक्क्यांहून अधिक घरांपर्यंत पोचता कामा नयेत. १९९६ च्या कायद्यात मर्यादा ३५ टक्के होती, एफसीसीने २००३ मध्ये ती ४५ करायचं ठरवलं, बराच गदारोळ झाला आणि काँग्रेसने २००४ मध्ये ३९ वर आणून ठेवली. पण मोजताना सवलत आहे. यूएचएफ स्टेशन असेल तर त्याची घरं निम्मीच धरायची. म्हणजे सगळी यूएचएफ स्टेशनं घेऊन ६० टक्के घरांपर्यंत पोचणारी कंपनी कागदावर ३० टक्के. ही सवलत १९८५ ची. तेव्हा ती न्याय्य होती. अॅनालॉग यूएचएफ खरंच दुबळं होतं, दूर जायचं नाही, मुंग्या यायच्या, त्यामुळे अशा स्टेशनांना हात देणं बरोबर होतं.

डिजिटलमध्ये हे उलटं झालं. माझ्या माळ्यावर ३० व्या चॅनलवरचं केवायडब्ल्यू पहिल्या दिवसापासून दगडासारखं स्थिर आहे आणि ६ साठी मला दिवे बदलावे लागले. नियमाच्या हिशेबात मात्र केवायडब्ल्यू यूएचएफवर गेल्यामुळे त्याची घरं निम्मी झाली, आणि धडपडत पोचणाऱ्या सहाची पूर्ण. एफसीसीने २०१६ मध्ये ही सवलत काढली, कारण हेच, की तांत्रिक आधार उरला नाही. एप्रिल २०१७ मध्ये आयोगातल्या नव्या बहुमताने ती परत आणली. त्यांचं म्हणणं, ३९ टक्क्यांची मर्यादा आणि सवलत यांचा विचार एकत्रच व्हायला हवा, एक काढून दुसरं तसंच ठेवणं म्हणजे मर्यादा गुपचूप घट्ट करणं. युक्तिवाद मला कळतो. पण ज्या गोष्टीला कोणीही माळ्यावर जाऊन खोटं ठरवू शकतं ती नियमाचा पाया कशी राहू शकते, हे मला पटत नाही.

एका बाजारात, म्हणजे एका शहराच्या परिसरात, एका मालकाची किती स्टेशनं असावीत या स्थानिक नियमाचं वेगळंच. तो परवाने मोजतो, आणि डिजिटलने एका परवान्यात चार-पाच चॅनलं बसवली. गेल्या उन्हाळ्यात मेरीलँडच्या ओशन सिटीला गेलो तेव्हा छोटा अँटेना बरोबर नेला होता. तिथलं जुनं स्टेशन सॉल्सबरीचं डब्ल्यूबीओसी. सीबीएस तेच, आणि फॉक्ससुद्धा तेच, उपचॅनलवर, २००६ पासून. एनबीसी येतं कमी ताकदीच्या एका स्टेशनवर, त्याचे मालकही तेच. लहान गावात असं झालं नसतं तर कदाचित फॉक्स किंवा एनबीसी तिथे हवेतून आलंच नसतं, आणि त्यांच्या किनाऱ्यावरच्या वादळाच्या बातम्या मला मनापासून आवडल्या. तरीही चार मोठ्या नेटवर्कांपैकी तीन एका घरात, आणि नियमाच्या दृष्टीने पूर्ण ताकदीचं स्टेशन एकच. २०२३ च्या अखेरीस एफसीसीने ही वाट नव्या लोकांसाठी बंद करायचा प्रयत्न केला: मोठ्या चारांपैकी दुसरं नेटवर्क विकत घेऊन उपचॅनलवर किंवा कमी ताकदीच्या स्टेशनवर टाकायचं नाही. जुलै २०२५ मध्ये आठव्या सर्किटच्या, म्हणजे केंद्रीय अपिलाच्या, न्यायालयाने तो बदल रद्द केला, आणि एका बाजारात पहिल्या चारांतली दोन स्टेशनं एकाची नसावीत ही जुनी बंदीसुद्धा.

या सगळ्या लढाईचा मोठा भाग आमच्याच शहरात झाला याचं मला अप्रूप वाटतं. प्रोमिथियस रेडिओ प्रोजेक्ट ही छोटी संस्था फिलाडेल्फियाची. मालकीचे नियम सैल करण्याविरुद्ध ती २००३ मध्ये न्यायालयात गेली, आणि तिसऱ्या सर्किटचं न्यायालय पण फिलाडेल्फियातच. ते प्रकरण पुन्हा पुन्हा तिथे येत राहिलं. शेवटी १ एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एफसीसीच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१७ मध्ये सैल केलेले नियम कायम झाले. त्यात एक "आठ आवाज" नावाची कसोटी गेली. तिच्यानुसार एका मालकाला बाजारात दुसरं स्टेशन घ्यायचं तर नंतरही तिथे किमान आठ स्वतंत्र मालकांची स्टेशनं उरली पाहिजेत. मला ती कसोटी आवडायची. सामान्य माणसाला वहीत मोजता येईल अशी होती.

आणि मालक मोठा झाला की ती "ब्रॉडकास्ट फी" मागताना त्याचा हात वर असतो, हे माझ्या बिलात मी वर्षानुवर्षं पाहिलं.

तर अँटेना. एकूण खर्च: १३० अधिक केबल, स्प्लिटर, मणी, नवा दिवा, म्हणजे १७५ च्या आत. सहा महिन्यांच्या त्या एका ओळीत वसूल झाला. जोडणी सोपी, फक्त व्हीएचएफच्या दांडीचे स्क्रू फार घट्ट आवळू नका, प्लॅस्टिकचा पाया चिरतो. माझा चिरला, नवा भाग कंपनीने आठवड्यात पाठवला. जुना चपटा मी मानायंकला राहणाऱ्या मैत्रिणीला दिला. तिच्या खिडकीतून रॉक्सबरोचे मनोरे दिसतात, तिथे तो सहासकट सगळं पकडतो. एटीएससी ३.० या नव्या प्रसारण पद्धतीचा ट्यूनर अजून घेतलेला नाही. स्टेशनं त्यावर कुलूपबंद सिग्नल पाठवायला लागली आहेत, आणि फुकट हवेतल्या चॅनलला किल्ली लागावी हे मला मान्य नाही.

वीज कडाडली की ६ वर अजूनही चौकोन येतात. मार्चमध्ये बर्फ ओसरला की अँटेना धुराड्याशेजारी बाहेर लावणार आहे, अर्थिंगच्या तारेसकट. अण्णा मे महिन्यात येतायत. तोवर पाचपैकी चार तारे.